एका वयाची भिंत

सर्व नातेवाईक, जुने गवंडी आणि थेरगावचे समस्त रहिवासी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, डांगे चौकापासून आत गेल्यावर जी एक चार मजली इमारत लागते, तिच्या मागच्या भिंतीवर, अगदी वरच्या मजल्याच्या दोन खिडक्यांच्या कोपऱ्यांना जी वेडीवाकडी थिगळं दिसतात, ती भूकंपाची खूण नव्हे, माकडांचा उपद्रव नव्हे, आणि माझ्या वडिलांच्या हाताचा दोष तर मुळीच नव्हे. ते कोपरे मी फाडले. वय वर्षं एकोणीस, पूर्ण शुद्धीत, दिवसाढवळ्या, ओल्या गिलाव्यात, दोराने. इतकी वर्षं मी याबद्दल बाहेर कुणापुढे तोंड उघडलं नाही. आता गुडघे कुरकुरायला लागलेत, केस रंगवायचा कंटाळा यायला लागलाय, तेव्हा कबुली देऊन टाकावी म्हणते. हसायचं तिथे खुशाल हसा. पण त्या दुपारची आठवण आली की अजूनही माझे तळपाय घामेजतात, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं घर दापोडीत, रेल्वे रुळाच्या अलीकडच्या गल्लीत. दीड खोली आणि एक माळा. माळ्यावर किसनमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. खाली बाबा, आई आणि मी. गल्लीतले बाकीचे बाप शिफ्टला जायचे, आमचा बाप भिंतीला जायचा. लातूरकडचं गाव सोडून आलेला हा माणूस कंपनीच्या गेटवर दोनदा उभा राहिला, तिसऱ्यांदा एका गवंड्याच्या हाताखाली, आणि पाच-सहा वर्षांत गिलाव्याचा असा मिस्त्री झाला की त्याच्या भिंतीवर गाल ठेवला तरी कुठे उंचवटा लागू नये. मी ठेवून पाहिलेला आहे. आई खाली वाळू चाळायची आणि माल कालवायची, किसनमामा बाबांच्या जोडीला दुसरी थापी धरायचा. सकाळी मला जाग यायची ती चाळणीच्या खसखशीने नव्हे, तर बाबांच्या खोकल्याने. मोरीत उभे राहून ते खाकरायचे आणि करड्या रंगाचं काहीतरी थुंकायचे. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घशात सिमेंट असतं.

गिलाव्याचं काम काय असतं, हे ज्यांनी भिंतीला फक्त पाठ टेकली आहे त्यांना कळायचं नाही. ओलं सिमेंट हळूच खातं. दिवसभर काही जाणवत नाही, संध्याकाळी हाताला साबण लावला की बोटांच्या टोकांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात आणि माणूस मोरीतच नाचायला लागतो. म्हणून गिलाव्याच्या दिवसांत आमच्या घरात ठेचा बंद, लोणचं बंद, लिंबू बंद. आई पिठलं सैलसर करायची, भाकरी त्यात कुस्करायची आणि बाबांच्या ताटात चमचा ठेवायची. त्या काळी आमच्या गल्लीत चमच्याने जेवणारा एकच इसम होता, तो म्हणजे माझा बाप. शेजारच्या पोरांनी दारातून पाहिलं आणि बाबा मोठे साहेब आहेत अशी बातमी पसरवली. मी ती खोडली नाही. जेवण झालं की आई खोबरेल कोमट करून दोघांच्या बोटांना चोळायची आणि चोळता चोळता रागवायची. गोणी फोडताना तोंडाला ओला रुमाल बांधा, हा तिचा हुकूम. मामा म्हणायचा, “मी काय नवरी हाय का गं अक्का, तोंड झाकायला?” कामावर तिची एक वेगळी कळशी असायची, स्वच्छ पाण्याची, वर झाकण. डोळ्यात चुना उडाला तर चोळायचं नाही, तेल-तूप काही घालायचं नाही, त्या कळशीने डोळा धूत राहायचं, ती रिकामी होईपर्यंत. मामा एकदा तहान लागली म्हणून त्या कळशीतलं पाणी प्यायला, तर आईने भर कामावर, सगळ्या मजुरांसमोर, त्याला फावड्याच्या दांड्याने पाठीवर हाणलं होतं. हे असं आईचं राज्य. पण ते जमिनीवरचं. भिंतीलगतच्या बांबूच्या परांचीवर चढलं की राज्य बाबांचं, आणि तिथे आईचं काही चालायचं नाही.

मी बारावीत गणिताला आपटले आणि ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत घरात बसून काय करणार, म्हणून बाबांनी मला वर घेतलं. माझं काम सोपं होतं. खालून कप्पीवरून येणारं मालाचं घमेलं सोडवायचं, फळीवर बाबांच्या हाताशी ठेवायचं, रिकामं खाली सोडायचं आणि भिंतीवर पाणी शिंपडायचं. सोपंच होतं, फक्त मला उंचीची भयंकर भीती वाटायची. मिस्त्रीच्या मुलीला उंचीची भीती, म्हणजे कोळ्याच्या घरात मासळीच्या वासाने ओकारी. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यापर्यंत डोळे मिटून चढले. मग मला एक युक्ती सापडली. बांबूची परांची भिंतीपासून वीतभर लांब उभी असते, आणि ती बाहेर कलंडू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर भिंतीतल्या भोकातून तार ओवून ती आतल्या सळईला आवळलेली असते. त्या थेरगावच्या कामावर मजल्याला दोन, अशा एकूण आठ तारा होत्या. मी चढताना प्रत्येक तारेला हात लावायची आणि मनात मोजायची. आठ झाल्या की वर पोचलेली असायची. मामाच्या हे लगेच लक्षात आलं. “काय सुमे, मोजल्या का तारा? एखादीनं पिल्लं घातली का?” तो वरून ओरडायचा आणि शेजारच्या इमारतीवरचे रंगारीसुद्धा हसायचे.

आता बाबांचं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तार काढली की भिंतीत भोक राहतं. ते नंतर बुजवलं तर तिथलं सिमेंट भिंतीपेक्षा नवं. वरून कितीही हात फिरवा, रंग द्या, दोन महिन्यांनी ते भोक रुपयाएवढ्या डागासारखं बाहेर डोकावतंच. बाबांना तो डाग म्हणजे भर सभेत धोतर सुटण्यासारखं वाटायचं. “भिंतीचं वय एक पायजे,” ते म्हणायचे. “वरपासून खालपर्यंत एकाच दिवशी जल्मलेली पायजे.” म्हणून शेवटचा हात ते एका दिवसात पुरा करायचे, वरून सुरू करून खाली उतरत, मध्ये कुठेही सांधा न ठेवता. ज्या मजल्यावर हात चालू असेल त्या मजल्याच्या दोन तारा काढायच्या, भोकं बुजवायची, खाली सरकायचं. खालच्या तारा तोवर परांची धरून ठेवायच्या. इतपत ठीक होतं.

त्या दिवशी मात्र घाई होती. इमारतीचे मालक तात्या हे थेरगावचे जुने शेतकरी, शेतात आता इमारती पिकवणारे. त्यांच्या मुलीची हळद मागच्या अंगणात व्हायची होती आणि मांडववाले दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होते. तात्या सकाळपासून अंगणात फेऱ्या घालत होते. “मिस्त्री, आज समदं उरकाया पायजे बरं का! परांची सुटली पायजे. पावणं आल्यावर त्यास्नी बांबू दावू का मी?” बाबांनी जेवणाच्या सुट्टीत डोकं चालवलं. खालच्या भोकांचा पहिला थर आत्ताच बुजवला, तर आपण तिथवर उतरेपर्यंत तो जरा सुकून ओढ धरेल, आणि वेळही वाचेल. आई आणि मी तात्यांच्या पडवीत भाकरी खात होतो तेव्हा मामाने सगळ्या तारा कापल्या आणि सगळी भोकं बुजवली. एका गवंड्याच्या डोक्यातूनच निघू शकेल अशी ही चूक होती. भिंतीच्या वयाचा हिशेब चोख, माणसांच्या वयाचा कुणी केला नाही.

जेवून मी चढायला लागले. पहिल्या मजल्यावर सवयीने हात पुढे केला, तर तार नाही. तिथे बांगडीएवढा ओला, गोल ठिपका. शेजारीही ठिपका. मला वाटलं, माझंच चुकलं, तारा वरच्या अंगाला असतील. दुसऱ्या मजल्यावर दोन ठिपके. तिसऱ्यावर दोन. आता माझे हात बांबूला असे चिकटले की पुढचा हात सोडवायला मला प्रत्येक वेळी स्वतःला समजवावं लागत होतं. वर पोचले तेव्हा माझ्या मोजणीत शून्य तारा होत्या. बाबा भिंतीकडे तोंड करून गिलावा घोटायचा लाकडी रंधा गोल गोल फिरवत होते. मी म्हटलं, “बाबा, तारा कुठंयत?”

“काढल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या. कामून घाबरायलीस? तीन माणसांचं वजन हाय वर. वजनानं परांची जागेवर बसती.”

पलीकडच्या टोकावरून मामा म्हणाला, “दाजी, पोरीला मोजायला काई तरी द्या राव. सुमे, माझे केस मोज. तेबी कमीच व्हायलेत.”

मी घमेलं सोडवायला लागले. खरं सांगायचं तर परांची पडण्यापेक्षा मामा पुन्हा हसेल याची मला त्या क्षणी जास्त लाज वाटत होती. इथे जरा थांबते. मला ठाऊक आहे, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागला की सांगणाऱ्याने पाणी प्यायला उठू नये. पण मी उठणार. हल्ली मी तळवड्याच्या एका कारखान्यात कामगारांच्या सुरक्षेचं बघते. परवा शेडवर चढलेल्या एका पोराचा पट्टा तपासला. पट्टा नवा कोरा, दोरी मजबूत, हूक चकचकीत. आणि हूक अडकवलेला कुठे, तर त्याच्या स्वतःच्याच कमरेला. मी विचारलं, भावा, पडलास तर तू स्वतःला धरणार का? तो लाजून म्हणाला, “मॅडम, पत्र्याला अडकवला की पोरं हसतात.” मी त्याला ओरडले नाही. मला मामाचे केस आठवले.

तर, चला वर. माझ्या हातून मालाचा एक गोळा फळीच्या आणि भिंतीच्या मधून निसटला. एरवी तो कुठे ना कुठे बांबूला अडायचा, त्या फटीतून थेट खाली काही जात नसे. हा गेला. आणि बऱ्याच वेळाने खालून ‘थप्’ असा आवाज आला. मी फटीकडे पाहिलं. सकाळी तिच्यात माझं एक पाऊल जेमतेम मावलं असतं. आता दोन्ही पावलं मावली असती. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. आता तिच्यातून भरलं घमेलं गेलं असतं. आठवडाभर आम्ही भिंतीला जे पाणी मारत होतो ते सगळं झिरपत बाहेरच्या बांबूंच्या बुडाशी गेलं होतं, आणि ते बांबू मऊ झालेल्या मातीत, कुणाला न विचारता, शांतपणे खाली चालले होते. कर्कश मोडल्याचा आवाज नाही, हिसका नाही. आकाशच किंचित मागे सरकतंय असं वाटत होतं. आणि बाबा? बाबांना भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. भिंत लांब जात होती तसा त्यांचा हात लांब होत होता. आधी कोपर वाकलेलं, मग सरळ, मग खांदा पुढे, मग ते टाचा उचलून रंधा फिरवायला लागले. त्यांना वाटत असावं, दुपारचा थकवा आलाय.

मी “बाबा” म्हटलं. आवाज निघाला नाही. नुसती हवा आली. हात मात्र चालू होते, माझ्याशी सल्लामसलत न करता. मी कप्पीवरचा दोर ओढून काढला. खाली आईच्या हातातून तो सुटला, म्हणून तिने वर पाहिलं, आणि खालून तिला ते दिसलं जे वर कुणालाच दिसत नव्हतं : चार मजल्यांची अख्खी परांची आभाळाकडे झुकलेली. आई ओरडली नाही. ओरडलं की वरची माणसं दचकतात, हे तिला माहीत होतं. तिने फावडं टाकलं, धावत बाहेरच्या बांबूंकडे गेली आणि एका बांबूला पाठ लावून, टाचा मातीत रोवून उभी राहिली. पन्नास किलोची बाई!

दोराचं एक टोक मी माझ्या उभ्या बांबूला गुंडाळलं. एक गाठ, दुसरी, तिसरी, चौथी. माझा कुठल्याच गाठीवर विश्वास नव्हता. माझ्यासमोर खिडकी होती, गज अजून बसायचे होते. मध्ये ती फट. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात मी गटारसुद्धा उडी मारून ओलांडलेलं नव्हतं. उडी कशी मारली ते आठवत नाही. बाबांनी तासाभरापूर्वी सुरीसारखी काढलेली खिडकीची धार माझ्या पोटाखाली चिरडली एवढं आठवतं. आत पडले, उठले, दोर घेऊन खोलीतून पळत दुसऱ्या खिडकीशी गेले. दोन खिडक्यांच्या मध्ये भिंतीचा जाड पट्टा होता, त्याला आतून दोराचा वळसा बसला. दुसऱ्या खिडकीबाहेर मामा उभा होता. दोराचं टोक मी त्याच्या छातीवर फेकलं आणि तेव्हा कुठे माझा आवाज फुटला. “मामा, बांध!”

मामाने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांखाली पाहिलं. त्याने आपल्या बांबूला तीन वेढे देऊन गाठ आवळली आणि लगेच दोर ताणला गेला. परांची थांबली. बांबू कण्हले. दोन्ही खिडक्यांच्या ओल्या कोपऱ्यांत दोर करवतीसारखा शिरला आणि गिलाव्याचे लचके खाली गळायला लागले. तेव्हा बाबांना पहिल्यांदा कळलं की काहीतरी बिघडलंय. “अगं ए सुमे! धार गेली! माझी धार गेली की!”

“दाजी,” मामा इतक्या हळू आवाजात म्हणाला की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. “भिंत मरू द्या. पाय आपटू नका. खाली बगू नका. बाजूच्या खिडकीतून आत या.”

खाली बघू नका म्हटल्यावर कोण बघत नाही? बाबांनी खाली पाहिलं. फळीच्या कडेवरून सरळ खाली, बाहेरच्या बांबूला पाठ लावून उभी आई. त्यांच्या हातातून रंधा सुटला. तो जमिनीला लागेपर्यंत आम्ही तिघंही श्वास धरून होतो. मग बाबा सरकत खिडकीशी आले, मी त्यांच्या शर्टाची कॉलर धरली, आणि सबंध आयुष्यात ज्याला मी कधी मिठी मारली नव्हती त्या बापाला गोणीसारखं आत ओढलं. मामा मागून आला. त्याने आधी खिडकीतून डोकं काढून आईला बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली, आणि चार जिने चढून वर आली. पदर मातीने माखलेला. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. बाहेर दोर बारीक किरकिरत होता.

तिच्या मागोमाग तात्या धापा टाकत आले. “आरं काय झालं मिस्त्री? ही बाई खाली बांबूला टेकून का हुबी व्हती?” मामाने सांगितलं. तात्या खिडकीशी गेले, दोर पाहिला, बोटाने दाबून पाहिला. वाईट माणूस नव्हता तो, हळद डोक्यात होती इतकंच. “आता बांधलंय न्हवं? मग घ्या की उरकून. वरच्या दोन खिडक्या नीट करा नि उतरा खाली. माल वाळाय लागला. सांधा पडंल बगा, मिस्त्री, तुमच्याच भिंतीला!”

तो घाव बरोबर बसला. मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला बाहेर फळीवर वाटली नव्हती एवढी भीती वाटली. कारण बाबा उठत होते. अर्ध्या तासात भिंत वाळणार होती, दोन कोपरे फाटलेले, मधोमध आयुष्यभराचा सांधा. त्यांनी मामाच्या कमरेला खोचलेला रंधा काढून घेतला. मामा आडवा आला नाही, तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. मी आईकडे पाहिलं. आई चौकटीत खिळलेली. तिच्या राज्याची हद्द संपली होती. बाबांनी गुडघा खिडकीत टेकवला. एक पाय बाहेर काढला. फळी जिथे असायला हवी होती तिथे त्यांचं पाऊल गेलं, तर तिथे फळी नव्हती, ती हातभर पलीकडे होती. पाऊल हवेत थांबलं. अंगठा फळी शोधत गोल फिरला, एकदा, दोनदा. मला त्या पायाच्या भेगा दिसत होत्या, भेगांतलं सिमेंट दिसत होतं, आणि पोटरी थडथड उडताना दिसत होती.

मग तो पाय आत आला. बाबा आमच्याकडे वळले. बायको, मेहुणा, मुलगी आणि मालक, सगळे समोर. रंधा दोन्ही हातांनी छातीशी धरून माझा बाप चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “मी न्हाई जायचा तात्या, मला लई भेव वाटायलंय ओ!”